बारा नंबरचा नळ

आयसीयूमधली बेसिनं दादांनी स्वतः निवडली होती. हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की लिफ्टमनलासुद्धा पाठ झालं होतं. गुळगुळीत कागदाचा तो कॅटलॉग महिनाभर त्यांच्या टेबलावर पडून होता आणि आल्या-गेल्याला ते तेच पान उघडून दाखवत. ताटासारखं पसरट, पांढरंशुभ्र बेसिन, वर बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला नळ, हात पुढे केला की आपोआप पाणी. बारा खाटा, बारा बेसिनं, प्रत्येक खाटेच्या उशाशी एक. दिसायला देखणी होती, यात वाद नाही. फक्त नळाची धार बरोबर मधल्या भोकात पडायची, तिथून उसळायची, आणि बेसिन उथळ असल्यामुळे थेट बाहेर यायची. डॉक्टर मंडळी हात धुऊन निघाली की प्रत्येकाच्या पोटावर ओला पट्टा असायचा. एवढी शिकलेली माणसं, पण दोन वर्षांत एकालाही वाटलं नाही की हे पाणी आपल्या पोटावर येतं, तर आणखी कुठे जात असेल.

दादा म्हणजे माझे मोठे दीर आणि आयसीयूचे प्रमुख. मी त्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जंतूंच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन आहे. नोकरी मला माझ्या मार्कांवर लागली, पण घरात समज असा की दादांनी लावली, आणि दादांनी तो समज कधी मोडला नाही. पाहुण्यांसमोर ते माझी ओळख 'ही आमची जंतूवाली' अशी करून द्यायचे आणि सगळे हसायचे. माझा नवराही हसायचा. दादा बोलायला लागले की तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात तरी जातो, नाहीतर हसतो. तिसरं काही त्याला जमत नाही.

पहिला पेशंट सात नंबरच्या खाटेवरचा शिंपी. पोटाचं ऑपरेशन नीट झालं होतं, पाचव्या दिवशी त्याला साध्या वॉर्डात हलवायचं होतं. चौथ्या दिवशी ताप भरला आणि त्याचं रक्त माझ्याकडे आलं.

आमचं काम तसं सोपं असतं. काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य लावलेलं असतं, त्यावर जंतू पसरायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. जे औषध लागू पडतं त्याच्या टिकलीभोवती जंतू मरतात आणि स्वच्छ गोल उमटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बशा बाहेर काढल्या. दोन बशा, बारा टिकल्या, आणि एकीच्याही भोवती गोल नाही. जंतू टिकल्यांना अगदी चिकटून वाढले होते, पाहुण्याच्या मांडीवर येऊन बसावं तसे.

मी वर दादांना फोन केला. "सर, यातलं एकही औषध चालणार नाही."

"परत लावून बघितलंस का?"

मी परत लावलं. शिंपी तेवढं थांबला नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत आणखी दोघं झाली. एक ट्रक ड्रायव्हर, तोही गेला. एक तरुण बाई, किडनीच्या दुखण्याने आलेली; ती वाचली, पण घरी जाताना स्वतःच्या पायांनी जाऊ शकली नाही. तिघांच्याही बशा सारख्या, तोच जंतू, तोच उर्मटपणा.

मग मीटिंग झाली. काचेच्या खोलीत लांब टेबल, मधोमध पाण्याच्या बाटल्या, एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला व्यवस्थापक. व्यवस्थापकांचं म्हणणं एवढंच की बातमी बाहेर जाता कामा नये. दादांचं म्हणणं असं की हा स्वच्छतेचा प्रश्न आहे, आणि स्वच्छतेचा प्रश्न म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांची नजर आपोआप खाली जाते, म्हणजे खालच्या माणसांकडे. आयसीयूत फरशी पुसणाऱ्या, पेशंटची अंगं पुसणाऱ्या एक मावशी होत्या. अकरा वर्षं त्या तिथे होत्या. तिन्ही पेशंटना त्यांचा हात लागला होता. लागणारच, कारण आयसीयूत पेशंटला हात लावायचं काम बहुतेक त्याच करायच्या. बाकीचे मॉनिटर बघायचे.

"सगळ्यांच्या हातांचे नमुने मी घेतले होते," मी म्हटलं. "मावशींच्या हातांवर काही सापडलं नाही."

"एकदा सापडलं नाही म्हणजे कधीच नव्हतं असं होत नाही," दादा म्हणाले.

हे वाक्य शास्त्र म्हणून बरोबर आहे. तोच नियम डॉक्टरांच्या हातांनाही लागू होता, आणि दोन डॉक्टरांच्या हातांवर तर बरंच काही सापडलं होतं. ते माझ्या कागदावर दुसऱ्या पानावर होतं. मी पान उलटलं नाही. टेबलाभोवती चौदा माणसं होती आणि मी मिठाची गुळणी धरून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि मी तिथे साक्षीला हजर होते.

मावशींना कामावरून काढलं. जाताना त्यांनी कपाट रिकामं केलं, चपला पिशवीत घातल्या आणि माझ्या प्रयोगशाळेच्या दारात क्षणभर थांबल्या. "मॅडम, माझ्या हातावर काय निघालं होतं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी सात नंबरचं बेसिन तुंबलं. हॉस्पिटलच्या प्लंबरला सगळे 'पाना' म्हणत. पन्नाशीचा, बारीक, तोंडाने तिखट माणूस. आयसीयूतल्या मोठ्या सिस्टरने त्याला बोलावलं, आणि मी तेव्हा तिथे नमुने न्यायला गेले होते. तो बेसिनखाली आडवा झाला, पाइपाचं खालचं वाकडं तोंड त्याने उघडलं आणि आत बोट घालून जे ओढून काढलं ते मला दाखवलं. राखाडी-काळी, बुळबुळीत, जाडसर साय.

"बाई, दोन वर्षांत पाइपात एवढी साय धरत नाही," तो म्हणाला. "हिला वरून कुणीतरी खायला घालतंय."

मी मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. ती खजील झाली, पण खरं बोलली. बेसिनात काय जात नव्हतं? उरलेला चहा, पेशंटच्या नळीतून द्यायचं दूध, साखरेची सलाईन. आणि बाटलीत उरलेली अँटिबायोटिकं. रोज, बारा बेसिनांत, थोडी थोडी.

"दुसरीकडे ओतायची सोय कुठे आहे?" ती म्हणाली. "औषध तयार करायलाही बेसिनच्या बाजूचा कट्टाच आहे. सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, कॅटलॉगमध्ये असंच आहे."

मला खाली येईपर्यंत सगळं दिसायला लागलं होतं. वर जे औषध आम्ही जपून, मापून पेशंटच्या रक्तात सोडतो, तेच पाइपात पातळ होऊन रोज उतरत होतं. पुरतं मारायला कमी, पण कच्च्यांना मारायला पुरेसं. कच्चे मेले, पक्के राहिले. दूध-साखर होतीच. आणि जंतूंची एक खोड असते. एकाला औषध पचवायची युक्ती सापडली की तो ती शेजाऱ्याला देऊन टाकतो. शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी चालतं. आमच्याकडे एका विभागाचा माणूस दुसऱ्या विभागाला स्टेपलर देत नाही. त्या पाइपातला कारभार वरच्यापेक्षा कितीतरी शहाणा होता.

ती साय मी बशीवर लावली. दुसऱ्या दिवशी तोच जंतू, तशाच टिकल्या. मग मी बाराही बेसिनांचे नमुने घेतले. नऊंमध्ये तो होता. शिंप्याच्या रक्तातला जंतू आणि पाइपातला जंतू दोन्ही मी बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं, एकच कूळ, सख्खी भावंडं.

एक गोष्ट अजून सिद्ध व्हायची होती. पाइपातला जंतू उशीवर जातो कसा? पाण्याच्या धारेने तो खालून वर उडत नाही. पण साय पाइपाच्या भिंतीवरून वर चढते, खायला मिळालं तर दिवसाला बोटाच्या पेरभर, आणि भोकाच्या जाळीपर्यंत पोचली की तिथून तिला फक्त धारेची वाट बघायची असते. सहा नंबरपासून नऊपर्यंतचा भाग औषध फवारायला रिकामा केला होता, तेव्हा एका दुपारी पाना आणि मी तिथे गेलो. खाटेवर, उशीवर, कट्ट्यावर पांढरे कागद पसरले. जाळीला आतून चमकणारा रंग लावला. पानाने एक मिनिट नळ चालू ठेवला. मग पडदे ओढून मी जांभळ्या उजेडाची बॅटरी फिरवली.

कट्ट्यावर, जिथे सिस्टर इंजेक्शनं भरायच्या, तिथे हिरवे ठिपके होते. खाटेच्या कठड्यावर होते. उशीवर सतरा होते, मी मोजले.

पानाने वाकून उशी बघितली. मग म्हणाला, "घरच्या मोरीला यापेक्षा अक्कल असते."

मी पाच पानांचा रिपोर्ट लिहिला आणि दादांच्या केबिनमध्ये घेऊन गेले. ते राउंड संपवून कॉफी पीत होते. त्यांनी पहिलं पान वाचलं, आणि हसले.

"गटारात जंतू सापडले म्हणतेस. अगं, गटारात जंतू नाहीतर काय मोती सापडणार?"

"दादा, तेच जंतू आहेत. बाहेरून तपासून आणलेत."

"इथे सर म्हण. आणि बाहेर कुणाच्या परवानगीने पाठवलेस?"

तीन माणसांना झालं, दोन मेली, एक बाई नोकरीवरून गेली, आणि या गृहस्थांचा पहिला प्रश्न परवानगीचा. मी म्हटलं, "सर, बेसिनं काढावी लागतील. निदान खाटांजवळची. तोवर औषधं बेसिनपासून लांब, वेगळ्या ट्रॉलीवर तयार करावीत. आणि मावशींना..."

"तो विषय संपलाय." त्यांनी रिपोर्ट मिटला. "ही बेसिनं कुणी निवडली, माहीत आहे ना?"

लिफ्टमनलाही माहीत आहे, असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "हो सर."

"तू टेक्निशियन आहेस. बशा वाचायच्या. इमारत कशी बांधायची ते आम्ही बघू. हवं तर ब्लीच ओतायला सांगतो."

रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला. उरलेली कॉफी त्यांनी उठून केबिनमधल्या बेसिनात ओतली. मी समोर उभी होते, आणि त्यांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

ब्लीच ओतलं गेलं. मी मोजत राहिले. चौथ्या दिवशी बशा कोऱ्या, अकराव्या दिवशी पुन्हा भरलेल्या. ब्लीच वरची साय जाळतं, खालची नाही. हेही मी लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. चौथा पेशंट अजून झाला नव्हता, आणि चौथा झाल्याशिवाय आमच्याकडे पहिले तीन मोजत नाहीत.

त्याच महिन्यात सासूबाई पडल्या.

सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं. कानाला हेडफोन लावून लोकांचं खरं-खोटं ऐकत आयुष्य गेल्यामुळे त्यांना आवाजावरून खोटं कळतं. दादा त्यांच्याशी कायम घाईत बोलतात त्याचं कारण तेच असावं. वय अठ्ठ्याहत्तर, तरी पडदे काढायला स्वतः स्टुलावर चढल्या, आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करायचं ठरलं. हृदय जरा अशक्त होतं, म्हणून नंतर दोन-तीन दिवस आयसीयूत ठेवावं लागणार होतं. दुसऱ्या हॉस्पिटलात न्यायचा प्रश्नच नव्हता. लोकांनी विचारलं असतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पाना खाली माझ्याकडे आला. स्टूल ओढून बसला.

"बाई, बारा नंबरचा नळ बंद केलाय मी. पाणी तोडलं, भोकाला पट्टी लावली, वर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी."

"काय बिघडलं?"

"काही नाही. सरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, उद्या सकाळच्या आत झालं पाहिजे."

मी वर गेले. बारा नंबरची खाट कोपऱ्यात होती, बाकीच्यांपासून जरा लांब. बेसिनच्या भोकाला रुंद पट्टी, नीट कडा दाबून लावलेली. हातांना चोळायच्या जंतुनाशकाची बाटली खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली. आणि भिंतीलगत, बेसिनपासून दोन मीटरवर, नवीकोरी स्टीलची ट्रॉली. मोठ्या सिस्टरला सूचना होती की या पेशंटची सगळी औषधं याच ट्रॉलीवर तयार करायची.

दोन मीटर. हा आकडा माझ्या रिपोर्टमध्ये चौथ्या पानावर होता.

म्हणजे त्यांनी तो वाचला होता. ड्रॉवरमधून काढून, शेवटपर्यंत, कदाचित दोनदा. ते मूर्ख आहेत असं मी इतके दिवस समजत होते, आणि मूर्खपणाबद्दल माणसाला एका मर्यादेपर्यंत माफ करता येतं. हे मूर्ख नव्हते. त्यांना अक्षर न् अक्षर पटलं होतं. फक्त ते बारापैकी एका खाटेपुरतं पटलं होतं. त्या दिवसापर्यंत मी या माणसाला घाबरत होते. त्या ट्रॉलीसमोर उभी असताना माझी भीती गेली आणि तिच्या जागी किळस आली. पाइपातली साय हातात धरताना आली नव्हती इतकी.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भेटायला गेले तर सासूबाई उशीला टेकून जाग्या होत्या. डोळे खोलीभर फिरत होते.

"सगळ्यांचे नळ चालू आहेत," त्या म्हणाल्या. "माझाच का बंद?"

"दुरुस्ती चालू आहे, आई."

त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "आता खरं सांग."

मी सांगितलं. शिंपी, ड्रायव्हर, ती तरुण बाई, साय, हिरवे ठिपके, पाच पानं, ड्रॉवर, ट्रॉली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, "आणि त्या मावशींना काढलं, तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच होते."

"बोललीस?"

"एकदा बोलले. मग गप्प बसले."

"मग त्याच्यात आणि तुझ्यात फरक एवढाच, की त्याला केबिन आहे," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले. मला वाटलं, थकल्या. पण त्या विचार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या राउंडला मी मुद्दाम थांबले. दादा पुढे, मागे चार ज्युनिअर डॉक्टर, मोठी सिस्टर, आणि त्या दिवशी व्यवस्थापकही होते, कारण प्रमुखांच्या आईची विचारपूस करायला ते कधी चुकत नाहीत. दादांनी फाइल बघितली, हसले, म्हणाले, "कशी आहेस आई?"

"मी बरी आहे. हा नळ का बंद आहे?"

"बिघडलाय. माणूस येणार आहे दुरुस्तीला."

"खोटं बोलताना तुझा आवाज अजून वर जातो," सासूबाई म्हणाल्या. "सहावीत जायचा तसाच."

एका ज्युनिअर डॉक्टरने घाईघाईने फाइलमध्ये तोंड घातलं. दादा ज्युनिअर मंडळींकडे वळून म्हणाले, "भुलीचा असर आहे थोडा. या वयात होतं असं."

"आज गुरुवार. काल तू साडेआठला आला होतास, चार मिनिटं थांबलास, त्यातली दोन फोनवर बोललास. माझं हिमोग्लोबिन दहा आहे. अजून काय विचारायचंय ते विचार, म्हणजे असर कुणावर आहे ते या मुलांना कळेल."

सासूबाईंनी हात उचलला आणि समोरच्या खाटेकडे दाखवला. तिथे साठीची एक बाई होती, श्वासाच्या नळीवर, आणि पायाशी तिचा नवरा उभा होता.

"तिच्या उशाशी नळ चालू आहे. ती सिस्टर आत्ता त्याच्या शेजारी तिचं इंजेक्शन भरत होती, मी बघितलं. तिचा मुलगा या हॉस्पिटलात डॉक्टर नाही, एवढंच ना तिचं चुकलं?"

"आई, हे आपण घरी बोलू."

"घरी मी धडधाकट असते तेव्हा तुला वेळ नसतो. इथेच बोलू. मला त्या खाटेवर ने आणि तिला इथे आण. नाहीतर सगळे नळ बंद कर. दोन्हीपैकी काय ते सांग, मला दुपारी झोपायचंय."

त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. नंबर जोडून देताना ऑपरेटर बोलते तसा सपाट आवाज होता. समोरच्या बाईचा नवरा दोन पावलं पुढे आला. "डॉक्टर," त्याने विचारलं, "नळाचं काय आहे?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्वी त्या नजरेने माझी मान खाली जायची.

"त्याचा रिपोर्ट आहे," मी त्या माणसाला म्हटलं. "पाच पानांचा. तुम्हाला वाचायचा असेल तर मी आणून देते."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. आयुष्यभर या माणसाने एकाच गोष्टीची काळजी केली, की बातमी बाहेर जाऊ नये, आणि बातमी आता त्यांच्यापासून चार फुटांवर चपला घालून उभी होती. ते दादांना बाजूला घेऊन गेले. दहा मिनिटं काचेपलीकडे हातवारे दिसत राहिले. दुपारी पाना पट्ट्यांचा गठ्ठा आणि पाट्या घेऊन वर आला, आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या अकरा बेसिनांची भोकं बंद झाली. अकरा ट्रॉल्या यायला आठवडा लागला. बेसिनं भिंतीतून उखडायला तीन आठवडे. दाराशी फक्त दोन ठेवली, साधी, खोल, धार कडेला पडणारी. त्यांच्यावर पानाने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'इथे फक्त हात धुवायचे. चहा पोटात ओतावा.' व्यवस्थापकांनी ते खोडायला लावलं आणि छापील पाटी लावली.

सासूबाई काठी घेऊन चालायला लागल्या. समोरची बाईही घरी गेली. त्यानंतर सहा महिन्यांत तो जंतू एकाही पेशंटच्या रक्तात आला नाही.

आता कुणाला वाटेल की दादा ओशाळले असतील. ते एका परिषदेत गेले आणि त्यांनी निबंध वाचला: 'अतिदक्षता विभागातील सांडपाण्याच्या नळ्या: एक दुर्लक्षित धोका.' उशीवरचे सतरा ठिपके मोठ्या पडद्यावर दाखवले. ते मी मोजलेत हे सांगितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्यांना एक काचेचं काहीतरी दिलं, ते दिवाणखान्यात ठेवलं गेलं. निबंधात लिहिलं होतं की वरिष्ठांच्या वेळीच लक्षात आल्यामुळे पुढची हानी टळली. वेळीच, म्हणजे दोन मेल्यावर, एक पांगळी झाल्यावर, आणि स्वतःची आई खाटेवर आल्यावर. नवऱ्याने तो निबंध वाचला आणि म्हणाला, "भाषा छान आहे." मी त्याला पाणी हवंय का विचारलं.

दादा माझ्याशी बोलत नाहीत. पाहुण्यांसमोर माझी ओळखही करून देत नाहीत. हा फायदा मी हिशेबात धरला नव्हता.

मावशींचं काम मात्र राहिलं होतं. पूर्वी गप्प बसायला मला एक क्षण लागला होता. बोलायला जवळजवळ वर्ष लागलं. मी व्यवस्थापकांना पत्र दिलं, सोबत हातांच्या नमुन्यांचा तो कागद जोडला, दोन्ही पानांसकट. दुसरं पान त्यांनी दोनदा वाचलं. डॉक्टरांची नावं होती त्यात. आठवड्याने मावशींना परत कामावर घ्यायचा आदेश निघाला. तो घेऊन मी स्वतः गेले.

त्या एका धोबीखान्यात कामाला होत्या. शहरातल्या हॉटेलांच्या चादरी तिथे येतात. लांबलचक शेड, एका बाजूला गरगरणारी यंत्रं, वाफ, आणि टेबलांवर पांढऱ्या कापडांचे ढीग. मावशी आणि दुसरी एक बाई समोरासमोर उभ्या राहून चादर झटकत होत्या आणि घड्या घालत होत्या. मला बघून त्या थांबल्या नाहीत.

"मावशी, तुमचं पत्र आणलंय. तुमची काही चूक नव्हती असं लिहिलंय त्यात. कामावर बोलावलंय."

"माझी चूक नव्हती ते मला तेव्हाच माहीत होतं. तुम्हालाही होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्या सुनेच्या माहेरी कळलं. शेजारी कळलं. दोन माणसं मारली म्हणे हिने. शेजारीण पाण्याचा पेला माझ्या हातून घेईना. तुमचं पत्र आता मी कुणाकुणाच्या दाराला चिकटवू?"

मी आदेश पुढे धरला. त्यांनी ओले हात पदराला पुसले, कागद घेतला, सावकाश, ओळीखाली बोट ठेवून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला.

"कागद ठेवते. सुनेला दाखवीन. पण तिकडे नाही यायचं मला. इथे काम जास्त आहे, पण माणसं आपली चूक आपल्याच अंगावर घेतात."

"मावशी, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. हिशेब बरोबर आहे असं सांगावं तसं म्हणाल्या. पलीकडून एक माणूस ओल्या चादरींची ढकलगाडी घेऊन येत होता. "जरा बाजूला व्हा, मॅडम. तुम्ही वाटेत उभ्या आहात."

मी भिंतीकडे सरले. गाडी गेली. त्यांनी दुसऱ्या बाईला खूण केली, दोघींनी पुढची चादर उचलली, आणि कोपरे जुळवायला लागल्या.